मुद्दलाआधी औषधांची तरतूद

हाती येणारा प्रत्येक जादा रुपया गृहकर्जाच्या मुद्दलात भरावा, हा एका लेखात वाचलेला सल्ला संधिवातासारखा दीर्घकालीन आजार असलेल्या माझ्यासारख्या नोकरदाराला सरसकट लागू पडत नाही. भरलेले पैसे सहजी परत निघत नाहीत आणि बिनपगारी रजेतही हप्ता चुकत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसल्याने मी हप्त्यांची व औषधांची सहा महिन्यांची तरतूद बाजूला ठेवून उरलेलेच भरते, आणि मुदतीऐवजी हप्ता कमी करून घेते. व्याज थोडे कमी वाचते, हे मान्य. बागकामही असेच तब्येत पाहून आखावे लागते: सकाळी बोटे आखडलेली असतात, म्हणून मोगऱ्याची छाटणी संध्याकाळी, तीही कठड्यावरच्या कुंड्यांतल्या रोपांची, उभ्यानेच. मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या औषधाच्या साप्ताहिक गोळीनंतरचा दिवस मात्र घरून कामासाठी मागून घेतला आहे.