"आफ्रिकेला इतिहासच नाही" या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं, की गोरे जाईपर्यंत आफ्रिकेत लिपी नव्हती, राज्यं नव्हती, जी काही बांधकामं आणि मूर्ती सापडल्या त्या बाहेरच्यांनी केलेल्या, आणि त्या लोकांनी जगाला गुलामांशिवाय काही दिलं नाही. चांगले शिकलेले लोक हे वाचून पुढे ढकलतायत याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लिपी नव्हती." इथिओपियात अक्सुम या जुन्या राज्याचा राजा एझाना याचे चौथ्या शतकातले शिलालेख आहेत, गीझ आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत. त्या गीझ लिपीत प्रत्येक व्यंजनाचं रूप स्वराप्रमाणे बदलतं, अगदी आपल्या बाराखडीसारखं, आणि आजही अम्हारिक भाषा त्याच लिपीत लिहितात. सुदानमधल्या मेरोई राज्याची लिपी आणखी वेगळी. आणि माली देशातल्या टिंबक्टू शहराची हस्तलिखितं? २०१२ मध्ये तिथे अतिरेकी घुसले तेव्हा लोकांनी जीव धोक्यात घालून ती पत्र्याच्या ट्रंकांमध्ये भरून राजधानी बामाकोला पळवली. लिहिणंच नव्हतं तर ट्रंका कशाने भरल्या?

"राज्यं नव्हती." मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भावच पडला, अरब इतिहासकार अल-उमरी लिहितो की बारा वर्षांनंतरही तो पुरता सावरला नव्हता. १३७५ च्या कॅटलान नकाशात (युरोपात काढलेला जगाचा नकाशा) हा राजा हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला काढलाय, म्हणजे युरोपला तेव्हा हे चांगलं माहीत होतं.

आता "बाहेरच्यांनी बांधलं" हा मुद्दा, यावर जरा सविस्तर बोलायला हवं कारण खरा खोटेपणा इथेच आहे. आजच्या झिम्बाब्वे देशातलं ग्रेट झिम्बाब्वे बघा. अकराव्या ते पंधराव्या शतकातलं दगडी शहर, मोठ्या कोटाची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच, घेर साधारण २५० मीटर, आणि चुना, माती काहीही न वापरता नुसते ग्रॅनाइटचे दगड एकावर एक नीट बसवलेत. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन तिथे पोचला, दारावरच्या लाकडाचा तुकडा काढला, त्याचा वास आपल्या पेन्सिलीसारखा येतो म्हणाला, म्हणजे हे देवदार, म्हणजे लेबनॉनहून आलेलं, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा महाल! लाकूड तिथल्याच झाडाचं होतं. पुढे रिचर्ड हॉल नावाच्या माणसाला देखभालीला नेमलं तर त्याने आफ्रिकन वस्तीचे थरच कचरा म्हणून उपसून फेकून दिले, म्हणजे पुरावाच गेला. तरी १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून स्पष्ट सांगितलं की हे आफ्रिकन लोकांचंच काम आहे. ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला मात्र हे नको होतं, त्यांनी पुरातत्त्ववाल्यांवर दबाव आणला, पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेकला १९७० मध्ये देश सोडावा लागला. आपला हा मेसेज त्याच जुन्या प्रचाराचं मराठी रूप आहे. ते बांधणाऱ्यांचे वंशज शोना लोक आजही तिथेच राहतात, आणि त्या अवशेषांत सापडलेला दगडी पक्षी देशाच्या झेंड्यावर आहे.

मूर्तींचंही तेच झालं. नायजेरियातल्या इफे इथलं धातूचं मस्तक १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने पाहिलं आणि इतकं सुंदर काम इथल्या लोकांचं असणं शक्य नाही म्हणून त्याचा संबंध थेट अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या बेटाशी जोडला. मग १९३८ मध्ये त्याच गावात घराचा पाया खणताना अशी आणखी मस्तकं निघाली. एखाद्याचा फोटो मोठा करून बघाच, चेहऱ्यावर वरून खाली बारीक समांतर रेघा, ओठांच्या कडा किती जिवंत, आणि धातूचा पत्रा पातळ. आधी मेणात घडवायचं, वर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, एक चूक झाली की सगळं वाया. हे तिथल्याच योरुबा लोकांतल्या कारागिरांचं काम आहे. शेजारच्या बेनिन राज्याचे धातूचे फलक तर ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये राजवाडा लुटून नेले आणि मग लंडनच्या म्युझियममध्ये मांडले. म्हणजे कला लुटायची, आणि वर यांच्याकडे कला नव्हती म्हणायचं.

राहिलं "गुलामांशिवाय काही दिलं नाही". हे महाराष्ट्रातल्या माणसाने तरी बोलू नये. मलिक अंबर इथिओपियाचा, लहानपणी विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला आला आणि निजामशाहीचा कारभार हातात घेतला. १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नळ टाकून तिथे पाणी आणलं. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकत्र हरवलं, आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते.