लाखाची उचल आणि कोयत्याचा हिशेब

दसरा जवळ आला की एक संदेश हमखास फिरायला लागतो: ‘बीडकडची जोडपी लाख-दीड लाख उचल घेतात, सहा महिने ऊस तोडून लखपती होतात. गावात रोजगार हमीचं काम असताना जातात, पोरांची शाळाही बुडवतात.’ यातला एकही मुद्दा हिशेबाला टिकत नाही.

उचल ही कमाई नाही, अंगावर घेतलेलं कर्ज आहे. पेरणी, दवाखाना, लग्न, जुनी देणी यासाठी पावसाळ्यातच ती मुकादमाकडून, म्हणजे कारखान्यासाठी मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतली जाते आणि गाडीत बसायच्या आधी संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. पूर्ण दोन टन धरले तरी 732 रुपये होतात, तेही दोघांचे, आणि पहाटेच्या अंधारापासून दिवस मावळेपर्यंतच्या कामाचे. एकही खाडा न होता 140 दिवस भरले, तर 280 टनांचे 1,02,480 रुपये. म्हणजे लाखाची उचल जेमतेम फिटते. दीड लाख घेतले असतील तर साडेसत्तेचाळीस हजार अंगावर राहतात.

आणि हा चांगला हंगाम झाला. दीड टनानं तेच 140 दिवस मोजा: 76,860 रुपये. अवकाळी पावसानं फडात, म्हणजे तोडीच्या शेतात, चिखल झाला की ट्रक आत जात नाही, तोड थांबते. कारखान्यात बिघाड झाला तरी थांबते. एक फड संपवून दुसरीकडे कोपी, म्हणजे राहायची झोपडी, हलवायची तर तो दिवस बिनमजुरीचा. ताप आला तर मजुरी बुडतेच, वर खाड्याचा दंड लागतो. किराण्यासाठी मिळणारी खर्चीसुद्धा मुकादमाच्या वहीत उचलीच्याच खाली लिहिली जाते. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, चाऱ्यासाठी विकून जे चार पैसे येतात तेवढीच काय ती हातातली रोकड. हंगामाअखेर राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि कुटुंब पुन्हा त्याच टोळीत.

काम काय असतं तेही या संदेशात नाही. ऊस जमिनीलगत छाटायचा, कारण बुडख्यात साखर जास्त असते. पाचट सोलायचं, वाढं तोडायचं, मोळी बांधायची. मग बाई ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्री दोनला आला तर भरणी रात्री दोनला. वजन होतं कारखान्याच्या काट्यावर, तोडणाऱ्याच्या डोळ्याआड.

मुकादमच सगळं खातो असंही सरसकट म्हणता येत नाही. त्याला मजुरीवर 20 टक्के कमिशन मिळतं, पण कारखान्याकडची आगाऊ रक्कम त्याच्या नावावर असते आणि एखादा कोयता पळाला तर भरपाई त्यालाच करावी लागते. मात्र बाकीपोटी माणसं डांबून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

आता रोजगार हमी. 2025-26 साठी राज्यात दिवसाची मजुरी 312 रुपये ठरली. 2005 च्या कायद्यातली 100 दिवसांची हमी माणशी नव्हती, कुटुंबाला होती. नवरा-बायको दोघं कामावर गेले की 50 दिवसांत ती संपायची. मजुरी 15 दिवसांत द्यायची असते, प्रत्यक्षात महिने लागतात. पण खरी अडचण रोजाच्या दराची नाहीच. जून-जुलैत एकरकमी पैसा लागतो आणि तो मुकादमाशिवाय कुणी देत नाही. सातबारा वडिलांच्या किंवा सामाईक नावावर, जुनं पीककर्ज थकलेलं, मग बँक दारात उभं करत नाही. बीडमधल्या बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड दोन-तीन एकरांत खरीप निघाला की विहिरीत रब्बीपुरतं पाणी उरत नाही. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोद्याची माणसं जातात ती यामुळे.

शाळेचं म्हणाल तर घरी आजी-आजोबा असतील तर पोरं मागे ठेवलीच जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण गाड्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि ती बऱ्याचदा नंतर सुरू होतात. तान्ह्या भावंडाला कोपीत सांभाळायला बारा वर्षांची बहीण लागते, हेही खरं आहे. यावर उपाय वसतिगृह गाड्या निघण्याआधी उघडणं हा आहे. आईबापांना बोल लावून ती मुलगी शाळेत बसत नाही.

‘लखपती’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा वाचावा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडावर शौचालय नाही, धुण्यापुरतं पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं कारण खाडा परवडत नाही. शेवटी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो आणि त्या ऑपरेशनचा खर्चही पुन्हा उचलीतूनच होतो.

या वर्षी जाणाऱ्यांनी उचल घेताना कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये. स्वतःची वही ठेवावी: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, वजनपावतीवरचा टनांचा आकडा, घेतलेली खर्ची. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. हंगाम संपल्यावर मुकादमाची वही आणि ही वही शेजारी ठेवूनच बाकी मान्य करावी.