ड्रायव्हरलेस टॅक्सी ‘माणूस दिसला की थांबतेच’? एका फॉरवर्डचा समाचार

सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेमो टॅक्सीचा एक व्हिडिओ फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. रस्त्यात एक तरुण उभा, समोर पांढरी जॅग्वार, ड्रायव्हरची सीट रिकामी आणि गाडी जागची हलत नाही. खाली मजकूर: ही गाडी माणूस दिसला की थांबतेच, डोळे मिटून समोरून जा, खरं तर ती फिलिपिन्समध्ये बसून कोणीतरी चालवतं, सिग्नल गेले की ती बंद पडते, ड्रायव्हरच नाही, मग दंड कोणाला, आणि पुण्यात आणली तर दिवसभर एका जागी उभी राहील. शेवटी सल्ला: बे एरियात मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांनी रस्ता ओलांडायची काळजी सोडावी.

यातलं बरंचसं अर्धं खरं आहे. धडधडीत खोटं असतं तर कोणी मनावर घेतलं नसतं.

“माणूस दिसला की थांबतेच”

उभ्या किंवा सावकाश येणाऱ्या वेमोसमोर ठाण मांडलंत तर ती अंगावर येत नाही, हे खरं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या आंदोलकांनी वेमो आणि (जनरल मोटर्सच्या) क्रूझ या ड्रायव्हरलेस टॅक्सींच्या बॉनेटवर ट्रॅफिकचा केशरी कोन ठेवून गाड्या जागच्या जागी अडकवल्या होत्या. पण उभी गाडी अडवणं निराळं आणि धावत्या गाडीसमोर उतरणं निराळं.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी गाडी सुमारे ९ मीटर पुढे जाऊनच थांबते, तेही ब्रेक त्याच क्षणी लागला असं धरून. ओल्या रस्त्यावर हेच अंतर १२ ते १५ मीटर होतं. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद, म्हणजे आणखी १६-१७ मीटर जातात. संगणक वाचवतो ते एवढंच. बाकीचा मामला टायर आणि डांबराचा, तिथे सॉफ्टवेअरचं काही चालत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये सांता मोनिकात एका प्राथमिक शाळेजवळ हेच घडलं. डबल पार्क केलेल्या मोठ्या गाडीमागून एक मूल धावत रस्त्यात आलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार वेमो ताशी १७ मैलांनी चालली होती आणि धडकेच्या वेळी वेग ६ मैलांच्या खाली आला होता. मुलाला किरकोळ इजा झाली. वेग १७ वरून ६ वर आला की धडकेतली ऊर्जा जवळपास एक अष्टमांश उरते, त्यामुळे ब्रेकचा उपयोग झालाच. पण गाडी थांबली नव्हती. आडोशामागचं लायडारला (लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राला) दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही.

दुसरं म्हणजे गाडी ‘दिसण्यावर’ थांबतच नाही. जॅग्वार आय-पेसवर २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार आहेत, तेव्हा दिसायला तिला चहूबाजूंची माणसं दिसतात. प्रत्येकासाठी थांबायचं ठरवलं तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या गजबजलेल्या मार्केट स्ट्रीटवर ती चाक फिरवू शकणार नाही. म्हणून ती प्रत्येक माणसाचा माग ठेवते आणि पुढच्या काही सेकंदांत तो कुठे असेल याचे अंदाज बांधते: तोंड कुठे वळलंय, चाल किती, फुटपाथच्या कडेपासून किती लांब. हा अंदाज चुकला की गाडीही चुकते. डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या तंत्रज्ञान-स्तंभलेखकाने झेब्रा क्रॉसिंगवर आपल्यासाठी न थांबणाऱ्या वेमोंचं चित्रण दाखवलं होतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार क्रॉसिंगवर पहिला हक्क पादचाऱ्याचा.

अंदाज मुळातच फसला तर काय होतं, ते मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे दिसलं. उबरच्या चाचणीच्या गाडीने (आत देखरेखीला माणूस होता) सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या (एनटीएसबी) अहवालातला तपशील बघण्यासारखा आहे. प्रणालीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल असं वर्गीकरण बदलत राहिलं, आणि दर बदलाला तिच्या आधीच्या हालचालीचा हिशोब पुसला गेला. क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात असू शकतो ही शक्यता सॉफ्टवेअरमध्ये धरलीच नव्हती. वर, खोट्या इशाऱ्यांनी गाडी उगाच अडखळू नये म्हणून ब्रेकआधी एक सेकंद थांबायची तरतूद केलेली. दिसलं सगळं, उपयोग शून्य.

थांबल्यानंतरचं काय?

फॉरवर्डमध्ये हा मुद्दाच नाही, आणि आमच्या मते खरी ग्यानबाची मेख इथे आहे. थांबणं त्यामानाने सोपं. पुन्हा कधी निघायचं, हे अवघड.

२ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका महिलेला उडवलं आणि ती शेजारच्या लेनमधल्या क्रूझच्या रोबोटॅक्सीसमोर फेकली गेली. क्रूझने ब्रेक लावला, तरी धडक बसलीच आणि मग गाडी थांबली. इथपर्यंत माणसालाही फार वेगळं जमलं नसतं. पुढचं मात्र कुठल्याही शुद्धीवरच्या ड्रायव्हरने केलं नसतं. प्रणालीने धडक बाजूने बसली असं ठरवलं. बाजूची धडक असेल तर रस्ता न अडवता कडेला जायचं, असा नियम. गाडी निघाली आणि खाली अडकलेल्या महिलेला सुमारे २० फूट, म्हणजे ६ मीटर फरफटत घेऊन गेली. त्याच महिन्यात राज्याच्या वाहन विभागाने परवाना निलंबित केला, नोव्हेंबरमध्ये ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर रिकॉल (दोष मान्य करून दुरुस्ती) झालं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने क्रूझच्या रोबोटॅक्सीवर पैसे घालणं बंद केलं.

वेमोच्या स्कूल बसच्या प्रकरणातही गोम तीच. अमेरिकेत शाळेच्या बसने लाल दिवे लावून बाजूचा ‘स्टॉप’ फलक उघडला की बाकीच्या गाड्यांनी थांबून राहायचं असतं. ऑस्टिनच्या शाळा-विभागाने नोव्हेंबर २०२५ पर्यंत वेमोने हा नियम मोडल्याचे १९ प्रकार मोजले. गाडी बसपाशी आधी थांबून किंवा वेग कमी करून मग पुढे निघाल्याचेही प्रकार त्यात होते. डिसेंबरमध्ये कंपनीला रिकॉल जाहीर करावा लागला.

“फिलिपिन्समधून चालवतात”

माणसं आहेत, आणि काही परदेशात, फिलिपिन्समध्येही आहेत. हे कंपनीच्या अधिकाऱ्याने फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर सांगितलं. पण त्यांच्या हातात स्टिअरिंग नाही. गाडी अडली की चित्रं पाठवून विचारते: समोरचा ट्रक पार्क केलाय की रांगेत आहे? हा रस्ता बंद आहे का? माणूस उत्तर देतो किंवा वाट सुचवतो, आणि त्यावर काय करायचं ते गाडी ठरवते. समोर अचानक आलेल्या मुलासाठी ब्रेक लावायला प्रश्न समुद्रापार पाठवून उत्तराची वाट बघता येत नाही, एवढं तरी फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं.

“सिग्नल गेले की बंद”

२० डिसेंबर २०२५ ला वीज उपकेंद्रातल्या आगीने सॅन फ्रान्सिस्कोतल्या साधारण एक तृतीयांश ग्राहकांची वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि चौकाचौकात वेमो उभ्या राहिल्या. दृश्य खरं, कारण चुकीचं. बंद सिग्नल म्हणजे चारी बाजूंनी ‘स्टॉप’, हे गाडीला शिकवलेलं आहे, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार त्या दिवशी तिच्या गाड्यांनी असे ७,००० हून जास्त बंद सिग्नल पार केले. पण काही वेळा गाडी खात्रीसाठी दूर बसलेल्या त्या मदतनीस माणसाला विचारत होती. एरवी हे चालून जातं. सगळं एकदम बंद पडल्यावर प्रश्नांची रांग लागली, उत्तरं उशिरा आली आणि तोवर गाड्या रस्ता अडवून बसल्या.

“दंड होत नाही”

पार्किंगचा होतो: २०२४ मध्ये एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत वेमोला ५८९ पावत्या मिळाल्या. चालत्या गाडीच्या गुन्ह्याची पावती ड्रायव्हरच्या नावावर फाटते, त्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोत बेकायदा यू-टर्न घेणाऱ्या वेमोसमोर पोलीस खरंच हात चोळत उभे राहिले. ही फट बुजवायला राज्याने कायदा केलाय. १ जुलै २०२६ पासून पोलीस थेट कंपनीच्या नावे नियमभंगाची नोटीस काढू शकतात, असं त्यात आहे.

“पुण्यात एका जागी उभी राहील”

ती पुण्यात येत नाहीये, तेव्हा पैज लावण्यात अर्थ नाही. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगून टाकलंय.

मग या गाड्या धोकादायक आहेत का?

असंही नाही. जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५.६७ कोटी मैलांच्या अभ्यासात, त्याच शहरांतल्या माणसांच्या तुलनेत, वेमोचे पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्के कमी आढळले. अभ्यास कंपनीच्याच संशोधकांचा, पण तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला. मात्र मृत्यूंबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत साधारण १० कोटी मैलांमागे एकाहून थोडे जास्त मृत्यू होतात, त्या मोजमापाला ५.६७ कोटी मैल तोकडे आहेत.

आईबाबांसाठी सल्ला असा. शक्यतो कोपऱ्यावरूनच ओलांडा, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून उतरू नका. चाकं पूर्ण थांबलेली बघा आणि मगच पाऊल टाका. नजरानजर व्हायला आत कोणी नाही. एक वेमो थांबली म्हणून शेजारच्या लेनमधला माणूस थांबेलच असं नाही, तेव्हा दुसऱ्या लेनच्या तोंडाशी पुन्हा थबका. ओलांडायचं नसेल तर फुटपाथच्या कडेवर मोबाइल बघत रेंगाळू नका, दोन पावलं मागे व्हा, नाहीतर तुम्ही उतराल या अंदाजाने गाडी तुमच्यासाठी खोळंबेल आणि मागचे हॉर्न वाजवतील. आणि आत बसून गेलात तर उतरताना फुटपाथकडचं दार उघडा, तेही मागून सायकल येत नाही ना हे बघून.