यादीत नाव नाही

आज मेमोरियल डे, अमेरिकेत मेलेल्या सैनिकांना आठवायचा दिवस. शेजारच्या लोलांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या कोल्माच्या दफनभूमीत गेले होते. (टागालोगमध्ये आजीला लोला म्हणतात, आजोबांना लोलो.) शाळकरी मुलं सैनिकांच्या थडग्यांवर छोटे अमेरिकी झेंडे खोचत होती. आमच्या लोलोंच्या थडग्यापाशी एक पोरगा थांबला, हातातला कागद पाहिला, ‘सॉरी’ म्हणाला आणि पुढे गेला. यादीत नाव नाही.

डोकंच फिरलं. पोराचा काय दोष म्हणा. पण सरकारी पत्रातलं हेच वाक्य मी 2010 मध्ये लोलोंना वाचून दाखवलं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून. त्यांना दिसायचं नाही. पत्र आलं की बिस्किटांचा डबा घेऊन हाक मारायचे, सगळे कागद त्यात. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या डोंगरात जपान्यांशी गनिमी लढाई लढले तेव्हा धड मिसरूड फुटलं नव्हतं. पत्र ऐकून म्हणाले, ‘परत वाच.’ परत वाचलं. तर म्हणाले, ‘मग मी होतो कुठे?’

फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. जुलै 1941 मध्ये अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम काढून तिथलं सैन्य आपल्या सेनेत घेतलं. अडीच लाख माणसं लढली. लुझॉनवरचं बाटान द्वीपकल्प पडल्यावर जपान्यांनी कैद्यांना उन्हातून चालवत नेलं, हजारो वाटेतच मेले. आणि फेब्रुवारी 1946 मध्ये, युद्ध संपून सहा महिने होतायत तोवर, कायदा आला: ही लष्करी सेवा धरायचीच नाही! तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमननी सही केली, वर आपली नैतिक जबाबदारी संपत नाही असंही म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो.

1997 ला सत्तरी ओलांडलेले म्हातारे व्हाइट हाउसच्या कुंपणाला साखळ्यांनी स्वतःला बांधून घेऊन उभे राहिले. या वयात! लाज कोणाला वाटायला हवी होती?

हो, 2009 ला पैसे जाहीर झाले. नागरिकांना 15 हजार डॉलर, इतरांना 9 हजार, एकदाच. ज्यांना मिळाले त्यांचं भलं झालं असेल, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी सरकारी दप्तरात नाव हवं. जंगलात लपून लढणाऱ्याची हजेरी कोण घेत बसलं होतं? निम्म्याहून जास्त अर्ज फेटाळले. त्यातलाच एक बिस्किटांच्या डब्यात.

परवा ऑफिसातला एकजण म्हणाला, फिलिपिन्स स्वतंत्र झाला ना, त्यांच्या सरकारने बघावं. बरं, थोडं त्यांनीही बघावं. पण हुकूम कोणाचा होता बाबा?

2017 ला अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, या सैनिकांना सुवर्णपदक दिलं. लोलो 2014 मध्ये गेले. शेवटच्या दिवसांत सगळं विसरले होते, डबा तेवढा उशाशी लागायचा.

लिहिता लिहिता राग उतरला, आता नुसतंच वाईट वाटतंय.

फाटकापाशी फुलांच्या दुकानात तसेच झेंडे विकायला होते. धावत जाऊन एक आणला. लोलांनी हातात घेतला, काडीवरून बोट फिरवलं आणि परत दिला. ‘विकतचा नको गं.’ मग ओल्या फडक्याने दगड पुसत बसल्या, नावाची अक्षरं एकेक करून.

झेंडा अजून माझ्या गाडीत आहे.