आठवडा पहिला, वर्ष कुठलं?

गेल्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्लेसमेंट तोंडावर. "मामा, एकच सांग. कोपायलट शिकू, कर्सर शिकू, की क्लॉड कोड?" तिन्ही एआयकडून कोड लिहून घ्यायची टूल्स. मागून ताईचा आवाज: "अरे, आधी त्याला विचार, कोडिंग राहणार आहे का तरी! नाहीतर एमबीएच्या क्लासची तारीख निघून जायची."

मी नेदरलँड्सच्या दक्षिणेला, आइंडहोवनमध्ये राहतो. त्याआधीची आठ वर्षं हिंजवडीत काढली. त्यामुळे दोन्हीकडचे वाद माझ्या कानावर पडतात, आणि दोन्हीकडे मी अर्धा बाहेरचा.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय वर्षभर धुमसतोय. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या वर, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा तर दोन दिवस गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा थांबली. हे एआयमुळे नाही असं कंपनीने सांगितलं, पण ते कोणी ऐकलं नाही. ज्यांची मुलं आयटीत आहेत त्यांना कारणापेक्षा आकडा मोठा दिसतो, आणि त्यात चूक काही नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हीही बोंब मारली होती, पुढे काय झालं? मावसभाऊ स्वतः आयटीत, तो सगळ्यांत ठाम: आता भाषा-बिषा शिकायची नाही. काय हवं ते मराठीत सांगायचं, प्रोग्रॅम तयार.

मला मावसभावाचंच म्हणणं जास्त छळतं, कारण ते अर्धं खरं आहे. मराठीत सांगता येतं आणि यंत्राला कळतंही. एआयची ही मॉडेलं मजकूर तुकड्यांत तोडून वाचतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि बिलही टोकनवर लागतं. देवनागरीचा पूर्वी अगदी भुगा व्हायचा. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणलं, तेव्हा त्यांनीच दिलेल्या नमुन्यात मराठीतला जो मजकूर आधी ९६ टोकन खायचा तो ३३ वर आला. पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब गटाने महाबर्टसारखी मराठी मॉडेलं २०२२ मध्येच खुली करून ठेवली आहेत. ग्रुपवर "मराठीचं स्वतःचं मॉडेल कधी?" म्हणून तावातावाने विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी ती उघडून पाहिली, हे विचारायचा मोह मी आवरतो.

पण सांगता येणं वेगळं आणि नेमकं सांगता येणं वेगळं. माझ्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर न्यूनन नावाचं गाव आहे. व्हॅन गॉग तिथे १८८३ ते १८८५ राहिला, बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं ते काळपट चित्र त्याने तिथेच काढलं, म्हणून पर्यटक येतात. एड्सगर डायक्स्ट्राही त्याच गावात राहायचा. त्याच्यासाठी आलेला पर्यटक मला अजून भेटायचा आहे. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधायची जी पद्धत आपण दुसऱ्या वर्षाला परीक्षेपुरती घोकतो, ती या माणसाची. आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात तो प्राध्यापक होता. फाउंटन पेनने टिपणं लिहायची, त्यांवर क्रमांक घालायचा आणि प्रती ओळखीच्यांना पाठवायच्या, हा त्याचा शिरस्ता. ती टिपणं तेराशेच्या वर गेली. त्यातलं ६६७ क्रमांकाचं, सत्तरच्या दशकाच्या अखेरचं, थेट माझ्या मावसभावासाठी लिहिलंय असं वाटतं. बोली भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याच्या कल्पनेची त्यात यथेच्छ टर उडवली आहे. म्हणणं असं, की चिन्हांची काटेकोर भाषा ही आपल्याला झालेली शिक्षा नव्हे, ती मिळालेली सवलत आहे. रोजच्या भाषेत निरर्थक विधान इतक्या सहज करता येतं की ते निरर्थक आहे हेच लक्षात येत नाही. ग्रीकांचं गणित शब्दांत अडकून राहिलं म्हणून पुढे सरकलं नाही, हाही दाखला त्याने दिला आहे.

ते वाचताना मला आपली लीलावती आठवली. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अंकगणित श्लोकांत बसवलं; पाठांतराला त्याला तोड नाही. पण नुसत्या श्लोकावरून गणित सुटत नाही. त्यावर टीका लागते, आणि टीका समजावून सांगायला शेजारी गुरुजी बसलेले लागतात. हल्लीच्या प्रॉम्प्टचंही, म्हणजे टूलला दिलेल्या सूचनेचंही, तेच आहे, फक्त गुरुजींची नेमणूक कोणी केलेली नाही.

आता माझीच फजिती सांगतो. डच माणूस वर्ष तारखांनी नाही, आठवड्यांनी मोजतो. "आठवडा ४३ मध्ये भेटू" म्हणतो आणि समोरच्याला कळतंही. नियम असा की ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा, सुरुवात सोमवारी. म्हणून ३० डिसेंबर २०२४, सोमवार, हा २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. आमच्या टीमकडे सुट्या भागांच्या पुरवठ्याचं वेळापत्रक असतं. ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग टूलकडून लिहून घेतला. टूलने आठवड्याचा क्रमांक बरोबर काढला, वर्ष मात्र सरळ तारखेतून उचललं. झालं: आठवडा १, वर्ष २०२४. जी ऑर्डर अजून निघायची होती ती यादीत बावन्न आठवडे उशीर झालेली म्हणून लाल होऊन वर आली.

तपासण्या होत्या की! त्याही टूलनेच लिहिल्या होत्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आणि सगळ्यांतल्या तारखा मार्च, जून, सप्टेंबरच्या. ज्या गैरसमजातून प्रोग्रॅम आला त्याच गैरसमजातून परीक्षेचा पेपरही निघाला. मंजुरी देणारी माणसं दोन होती. त्यातला एक मी. कोड इतका नीटनेटका होता, नावं इतकी समंजस, वर टिपा इतक्या शुद्ध, की डोळा घसरत घसरत तळाला पोचला. चूक पकडली ती नियोजन विभागातल्या, निवृत्तीला आलेल्या गृहस्थांनी. त्यांना प्रोग्रॅमिंगचं अक्षर येत नाही. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, हे वर्ष कुठलं धरलंय? वर्षाच्या सीमेवर काहीतरी गोची असते हे त्यांना हाडीमाशी माहीत. मलाही असायला हवं होतं. ज्याच्या घरात कालनिर्णय टांगलेलं आहे, ज्याने २०२३ मध्ये अधिक श्रावण आणि निज श्रावण असे दोन श्रावण पाहिले, त्याने कॅलेंडरवर इतका भाबडा विश्वास ठेवायला नको.

टूलने वेळ वाचवला का? आम्हाला त्या दिवसापर्यंत वाटत होतं, वाचवला. याच वाटण्याचं मोजमाप एमईटीआर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये केलं. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, २४६ कामं, प्रत्येकाच्या ओळखीचाच मोठा प्रकल्प. काही कामं एआय वापरून, काही न वापरता. एआय घेतलं तेव्हा १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढे आहे: काम संपल्यावरही त्या लोकांना आपण सुमारे २० टक्के वेगाने केलं असंच वाटत होतं. सोळाच माणसं, त्या वेळची टूल्स, तेव्हा यावरून सगळ्या जगाचा निकाल मी लावणार नाही. पण घड्याळ आणि मन यांत एवढं अंतर पडतं, हे मला माझ्या हिरव्या तपासण्यांवरून लगेच पटलं.

इथल्या जेवणाच्या टेबलावर (ब्रेड, चीज, आणि हो, ताक, डच लोक ताक पितात, हा माझा इथला सर्वांत मोठा दिलासा) चर्चेचा सूर घरच्यापेक्षा वेगळा असतो. नोकरी जाईल का, हे कोणी पहिल्यांदा विचारत नाही. विचारतात, याची सही कोण करणार? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत ओंडरनेमिंग्सराड म्हणून कर्मचाऱ्यांची निवडून आलेली परिषद असते. माणसांच्या कामावर नजर ठेवता येईल अशी कुठलीही यंत्रणा आणायची तर तिची संमती कायद्याने लागते. आमच्याकडे टूल कोणाचं किती काम नोंदवतं, यावर तिने महिनोन्‌महिने काथ्याकूट केला आणि मी मनात शिव्या घातल्या. पुण्यात असतो तर सोमवारी ठरून मंगळवारी लायसन्स हातात पडलं असतं.

पण ही माणसं पोळलेली आहेत. इथल्या कर खात्याने बालसंगोपनाचं अनुदान घेणाऱ्यांतले संशयित शोधायला शिकणारं अल्गोरिदम वापरलं होतं, आणि त्यात डच नागरिकत्व आहे की नाही हाही एक निकष होता. हजारो आईबापांवर फसवणुकीचा शिक्का बसला, हजारो युरो परत करा म्हणून नोटिसा गेल्या, संसार मोडले. १५ जानेवारी २०२१ ला यावरून अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. यादीत नाव का आलं, हे खिडकीमागे बसलेल्या कारकुनालाही सांगता येत नव्हतं. माझ्यासारख्या परक्या आडनावाच्या माणसाने ही हकिगत ऐकल्यावर परिषदेच्या काथ्याकुटाकडे जरा आदराने पाहायला हरकत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी मार्व्हल नावाची एआय कंपनी काढली, तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी आले. यादीत चुकून नाव आलं तर दाद कोणाकडे मागायची, हे मी विचारलं. काकांनी नमस्काराचा इमोजी टाकला.

म्हणजे इथलं सगळं शहाणं, असं मुळीच नाही. इथल्या कंपन्यांनी वीस-पंचवीस वर्षं आपल्या जुन्या प्रणाल्यांची देखभाल पुण्या-बंगळुरूकडे सोपवली. नवं बांधायचं ते इथे, जुनं सांभाळायचं ते तिकडे. मी हिंजवडीत पहिली तीन वर्षं हेच केलं, सपोर्ट प्रोजेक्ट. रात्री दोनला तिकीट, म्हणजे बिघाडाची तक्रार, यायची, कोणीतरी परदेशी माणसाने १९८९ मध्ये कोबोल या जुन्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम उघडायचा, ज्या ओळीला हात लावू नका असं बजावलंय ती शोधायची. लग्नाच्या बाजारात सांगायला लाज वाटे. "डेव्हलपमेंटला आहे" म्हणायचो. पण दुसऱ्याने लिहिलेलं, अर्धवट, खोट्या टिपांचं, कोणाच्याच लक्षात नसलेलं वाचायचं कसं, ते मी तिथेच शिकलो. इथल्या माझ्या कितीतरी सहकाऱ्यांना ते जमत नाही, कारण त्यांच्यावर ती वेळच आली नाही. आजही एखादी जुनी प्रणाली अडली की उत्तर पुण्यात बसलेल्या एखाद्या माणसाकडे निघतं.

आणि टूल आल्यापासून काम उरलंय ते नेमकं हेच: दुसऱ्याने लिहिलेलं, दिसायला गोंडस, आतून कुठेतरी पोकळ, ते वाचून त्याखाली आपलं नाव घालायचं. एवढा मोठा वाचणाऱ्यांचा वर्ग जगात इतरत्र क्वचितच असेल. नेमकं तेच काम हलकं म्हणून भारतात आधी यंत्राकडे ढकललं जातंय, आणि फ्रेशर पोरांना पहिल्या दिवसापासून टूलच्या मागे उभं केलं जातंय. माझी तक्रार नोकरी घालवणाऱ्या टूलपेक्षा या हिशेबाबद्दल आहे. नवीन पोरगा दोन वर्षं वाचेल, चुकेल, शिव्या खाईल आणि त्याचा पगार ग्राहकाच्या बिलात बसेल, ही सोय ज्या कारणाने होती ते कारण संपत चाललंय. ती सोय आता कोणाच्या खिशातून करायची, यावर ना ग्रुपवर कोणी बोलतं, ना ताकाच्या टेबलावर.

भाच्याला मी टूलचं नाव सांगितलं नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट सगळेच वापरतात. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं, आणि त्याची अगदी पहिली नोंद आजही जशीच्या तशी उतरवून घेता येते. सी भाषेतल्या हजारभर ओळी, सात छोटे प्रोग्रॅम. म्हटलं, आठवडाभर हे वाच, टूल न लावता, मग बोलू. ताई वैतागली. प्लेसमेंट तोंडावर आणि मामा इतिहास शिकवतोय.

बुधवारी रात्री त्याचा मेसेज आला. "मामा, हा बाबा मजकूर आधी दाबतो आणि मग त्याचा हॅश काढतो. उद्या दाबायची पद्धत बदलली तर तोच मजकूर, पण हॅश वेगळा. हे चुकीचं नाही का?" पाठोपाठ दुसरा: "राहवलं नाही म्हणून टूलला विचारलं. ते म्हणतं आधी हॅश, मग दाबणं. इथे तर उलट दिसतंय. खरं कोण?"

हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेली, ठशासारखी छोटी खूण; दाबणं म्हणजे मजकूर कमी जागेत बसवणं. गिटची ही पहिली नोंद मी पूर्वी दोनदा वाचली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या नोंदी चाळल्या, तर दोनच आठवड्यांत टोरवाल्ड्सने तो क्रम उलटा केलेला. मी लिहिलं, "दोघंही. तारीख बघ."

त्याने उत्तर दिलं नाही. हिरवा ठिपका मात्र तिकडच्या पहाटे दोनपर्यंत दिसत होता.