"पोटातल्या बाळाला स्वतःचं बीपी नसतं" म्हणे!

चार दिवस झाले, एक मेसेज आमच्या पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आत्तीनं तर मला तीनदा पाठवला कारण वैनीला सातवा लागलाय. म्हणणं असं की बाळाला स्वतःचं बीपी नसतं, आईचं तेच त्याचं, बीपी सांभाळणारी हार्मोन्स सोडणाऱ्या त्याच्या ग्रंथी जन्मल्यावरच चालू होतात, म्हणून आईचं बीपी लो आलं की बाळ निराधार, लगेच मीठ-पाणी आणि वर दोन वाट्या पांढरा रस्सा. रश्श्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बीपीचं आधी. आईचं रक्त बाळात जातच नाही, वारेत (प्लासेंटात) दोघांची रक्तं पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात, ऑक्सिजन, अन्नरस, औषधं असलं काय ते पडद्यातून इकडून तिकडं. बाळाचं हृदय हा वेगळा पंप, आणि त्याचं प्रेशर आईच्या निम्म्याच्या आसपास. आईचं फारच खाली गेलं तर वारेकडं जाणारं रक्त कमी होऊन बाळाला ऑक्सिजन कमी पडतो हे खरं, पण ते असं आडवाटेनं.

आता ग्रंथी, इथं तर मेसेज साफ झोपलाय. ग्रंथी पोटातच काम करतात, हे कळलं मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून (कोल्हापुरात मेंढी म्हटलं की आपलं डोकं मटणाकडं जातं, पण असो). पोटातल्या कोकराचं प्रेशर पाडलं की त्याच्या मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना ते कळतं, मग मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हासोप्रेसिन हे रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन सुटतं, किडनीतून रेनिन सुटून पुढं अँजिओटेन्सिन हे प्रेशर वाढवणारं हार्मोन तयार होतं, किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतनं अॅड्रिनलिन, आणि कातडी, आतडी, हातपाय इकडचं रक्त आवळून मेंदू-हृदयाकडं वळवलं जातं. अॅड्रिनलचंच दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल मात्र सुरवातीच्या महिन्यांत फारसं दाद देत नाही, शेवटी शेवटी त्याचा जोर वाढतो, मेसेजमधे कणभर खरं असेल तर ते एवढंच.

माणसाचं काय म्हणाल तर एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात का देत नाहीत? त्या अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाहीत, चौथ्या महिन्यानंतर घेतल्या तर बाळाचं प्रेशर पडून किडनी बसू शकते आणि पोटातलं पाणी कमी होतं. जी यंत्रणा जन्मल्यावरच चालू होते म्हणताय ती पोटातच बंद कशी पडेल ओ?

आणि लो बीपी म्हणून घाबरायचं, तर मधल्या महिन्यांत आईचं बीपी थोडं उतरतंच, रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून. उताणं झोपल्यावर गरगरलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतोय, डाव्या कुशीवर वळायचं, वैनीला हे लगेच लागू पडलं. रक्त जात असेल किंवा चक्कर येऊन पडली तर मीठ-पाण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा.

बीपीच्या गोळ्या आधीपासून चालू असताना दिवस राहिले असतील तर गोळीचं पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. आपल्या मनानं बंदपण करू नका, ते बदलून देतात.