जुना स्कोप आणला की आधी सगळे कॅपॅसिटर बदलायचे? अजिबात नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय, की जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) हातात आला की चालू करायच्या आधी सगळे कॅपॅसिटर बदलून टाका, मग व्हेरिअकवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवा आणि स्विच खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सांगणारे चांगल्या मनाने सांगतात, पण यातून धडधाकट स्कोप भंगारात जातात म्हणून राहवत नाही.

पहिलं, सगळे कॅपॅसिटर. टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ घ्या, १९७२ चं मॉडेल, १०० मेगाहर्ट्झ. यात नेहमी दगा देतो तो टँटलम जातीचा कॅपॅसिटर, शॉर्ट होतो आणि अख्खी रेल, म्हणजे आतली एका व्होल्टेजची सप्लाय लाइन, खाली बसवतो. मग आधी स्कोप बंद ठेवून प्रत्येक रेल ते ग्राउंड ओहम मोजा, कुठे दोन-चार ओहम दिसले तर चोर तिथेच आहे. शॉर्ट नसेल तर चालू करून पहिल्यांदा ५५ व्होल्टची रेल बघा, कारण बाकीच्या रेल तिच्याच आधारावर ठरतात, ती बिघडली की सगळंच बिघडलेलं दिसतं आणि माणूस उगाच चार ठिकाणी शोधत बसतो. हे न करता पन्नास कॅपॅसिटर उपटले आणि एक उलटा बसला किंवा बोर्डवरचा एक तांब्याचा ट्रॅक उचलला गेला, तर आता मूळ फॉल्ट आहेच आणि वर तुमचा नवीन. टेक्ट्रॉनिक्सच्याच ५४५ सारख्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) स्कोपमध्ये तर सिरॅमिक पट्ट्यांवर सोल्डरिंग आहे, तिथे साधं सोल्डर परत परत लावलं की पट्टीवरचा चांदीचा थर त्यात विरघळतो, म्हणूनच कंपनी ३ टक्के चांदीवालं सोल्डर आतच गुंडाळी करून ठेवायची.

न मोजता बदलायचे असे पार्ट आहेतच, ते नाकारत नाही. मेन्सवरचे तडे गेलेले रिफा कंपनीचे फिल्टर कॅपॅसिटर, आणि टेक्ट्रॉनिक्स २४६५बीच्या ए५ नावाच्या बोर्डवरचे एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर चिकटवलेले) इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, ते गळून खालचे ट्रॅक खातात. पण त्याच मॉडेलच्या नंतरच्या सिरीजमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे डॅलस कंपनीच्या, आतच बॅटरी असलेल्या मेमरी चिपमध्ये असतात, बॅटरी संपली की आकडे गेले, त्यामुळे आधी ते वाचून उतरवून ठेवा.

दुसरं, व्हेरिअक. व्हॉल्व्हवाल्या सेटला ठीक. पण एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) असेल तर व्होल्टेज कमी दिलं की तेवढीच पॉवर काढायला तो जास्त करंट ओढतो, म्हणजे जपायला गेलात आणि ट्रान्झिस्टरच तापवलात. ४६५ सारख्या लिनिअर, म्हणजे साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायला आपला साधा सिरीज बोर्ड (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडलेला) लावा, शॉर्ट असेल तर बल्ब भडक पेटेल. आणि मागचा मेन्स व्होल्टेजचा सिलेक्टर ११५ वर नाही ना, ते प्लग लावायच्या आधी बघा.

तिसरं, क्लीनर. पॉटला (फिरवायच्या व्हॉल्यूमसारख्या कंट्रोलला) चालतो. अ‍ॅटेन्युएटरच्या, म्हणजे इनपुट सिग्नल लहान करणाऱ्या भागाच्या, कॅम स्विचवर मात्र नको, तिथे सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात, फवाऱ्याचा चिकट थर राहिला की एक मेगाओहमच्या इनपुटला गळती लागते. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, कॉन्टॅक्टमध्ये धरून हळूच ओढा, कागद काळा यायचा थांबला की झालं.